साइटचा सर्च थेट ब्राउझरच्या पट्टीत: ओपनसर्च फाइल पहिल्यापासून कशी बनवायची

नाशिकच्या सातपूरला पपया नर्सरीच्या पुढे माझ्या मावसभावाचं बेअरिंग आणि बेल्टचं दुकान आहे. त्याची साइट मीच करून दिलीय, फार काही नाही, मालाची यादी आणि वर एक सर्चचा डबा. पण काउंटरवरचे तात्या शोधायचे कसे ते एकदा मागे उभं राहून बघितलं आणि डोक्याला हात लावला. नवीन टॅब, त्यात दुकानाचं नाव टाकून गूगल, मग आपल्या साइटवर क्लिक, होमपेज उघडायची वाट, मग सर्चच्या डब्यात क्लिक आणि मग कुठे बेअरिंगचा नंबर टाइप. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडून फवारणीच्या ब्लोअरवाले एकदम येतात, काउंटरवर चार जण उभे असतात आणि प्रत्येकासाठी ही एवढी वारी.

भाऊ म्हणाला, "दादा, वरच्या पट्टीत नंबर टाकला की गूगल उघडतं, आपलं दुकान का नाही उघडत?"

उघडतं की. त्यासाठी वीस-पंचवीस ओळींची एक फाइल लागते बस, आणि तिचा फॉरमॅट २००५ पासून ठरलेला आहे. मला एक संध्याकाळ लागली आणि वर दोन दिवस चुका शोधण्यात गेले, ते दोन दिवस तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी हे आहे काय ते

ओपनसर्च म्हणजे सर्चची माहिती एकमेकांना कशी द्यायची याचा ठराव. ॲमेझॉनची एनाइन नावाची उपकंपनी होती, तिथे हा तयार झाला आणि मार्च २००५ मधे जेफ बेझोस यांनी एका टेक्नॉलॉजी परिषदेत तो जाहीर केला. एनाइनला वेगवेगळ्या साइटचे निकाल एकाच पानावर शेजारी शेजारी दाखवायचे होते, आणि प्रत्येक साइटचा सर्च वेगळा, पत्ता वेगळा, निकालाची मांडणी वेगळी, मग सगळ्यांनी एकाच पद्धतीने सांगा ना बाबांनो, एवढीच मूळ गरज. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००६ मधे, फायरफॉक्स २ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ७ हे दोन्ही एका आठवड्याच्या अंतराने आले आणि दोघांनी ही फाइल वाचायला सुरुवात केली. तिथून हा ठराव ब्राउझरचा झाला. आवृत्ती १.१ अजून कागदोपत्री मसुदाच आहे, पण सगळं जग तीच वापरतं, काळजी करू नका.

यात तीन वेगळे तुकडे आहेत आणि लोक त्यांचा काला करतात. पहिला, वर्णनाची फाइल: माझा सर्च कुठे आहे, शब्द पत्त्यात कुठे घालायचा. दुसरा, सूचना: टाइप करताना खाली जी यादी उघडते ती. तिसरा, निकाल स्वतः एका ठरलेल्या साच्यात देणं म्हणजे आरएसएस किंवा ॲटममधे, हे दुसऱ्या प्रोग्रामने वाचायचे यादीचे साचे. ब्राउझरच्या पट्टीला फक्त पहिले दोन लागतात. तिसऱ्याने सुरुवात करणारे उत्साही लोक मी पाहिलेत, आठवडाभर ॲटम जुळवत बसतात आणि ब्राउझर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

अजून एक, नावाचा घोळ. २०२१ मधे ॲमेझॉननेच इलॅस्टिकसर्च या सर्च सर्व्हरची वेगळी शाखा काढली आणि तिचंही नाव ओपनसर्चच ठेवलं. आता नेटवर ओपनसर्च शोधलं की सर्व्हर, क्लस्टर, डॅशबोर्ड असलं काहीतरी समोर येतं. ते वेगळं प्रकरण. आपल्याला हवं ते शोधताना मागे "डिस्क्रिप्शन" शब्द लावा.

नावांबद्दल एवढंच की फोनवर सांगावीत तशी देवनागरीत लिहितोय, भावाला मी हे सगळं खरंच फोनवरच सांगितलं होतं. फाइलमधे अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाकायची, आणि कुठलं अक्षर मोठं ते मी सांगेन तिथे नीट बघा, फाइल एक्सएमएल या टॅगवाल्या साच्यात असते आणि त्याला लहान-मोठं अक्षर वेगळं वाटतं.

पायरी पहिली: तुमचा सर्च गेट पद्धतीचा आहे का

साइटवर काहीही शोधा आणि वर पत्ता बघा. शोधलेला शब्द पत्त्यात दिसतोय का? म्हणजे सर्च, प्रश्नचिन्ह, क्यू बरोबर आणि पुढे तुमचा शब्द, असं काहीतरी. दिसत असेल तर तो पत्ता कॉपी करून दुसऱ्या ब्राउझरमधे चिकटवा, तेच निकाल आले पाहिजेत. आले तर निम्मं काम झालं.

नाही दिसत तर फॉर्म पोस्ट पद्धतीचा आहे, तो आधी गेट करा. ठरावात पोस्टची सोय आहे पण त्या भानगडीत पडू नका. नुसता डबा भरला की जावास्क्रिप्टने यादी गाळणारी साइट असेल, पत्ता बदलतच नसेल, तरी तेच: आधी शब्द पत्त्यात आणा. याचा वेगळा फायदा असा की गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर निकालाची लिंक पाठवता येते. भावाला तेच जास्त आवडलं खरं तर.

पायरी दुसरी: वर्णनाची फाइल

साध्या एडिटरमधे नवीन फाइल घ्या, यूटीएफ-८ मधे सेव्ह करा. पहिली ओळ एक्सएमएलची नेहमीची घोषणा, आणि तिच्या आधी एकही स्पेस नको, एकही रिकामी ओळ नको. पीएचपीतून फाइल काढत असाल तर वरच्या कुठल्यातरी इन्क्लूड फाइलच्या शेवटची रिकामी ओळ इथे येऊन बसते आणि पूर्ण फाइल नापास होते.

मग मुख्य टॅग, ओपनसर्चडिस्क्रिप्शन, सगळा जोडून, त्यात ओ, एस आणि डी मोठे. त्याला नेमस्पेस, म्हणजे हे टॅग कुठल्या ठरावातले ते सांगणारी ओळख, द्यावा लागतो, तो एनाइन डॉट कॉमच्या पत्त्यासारखा दिसतो आणि शेवटी १.१ असतं. मराठी विकिपीडियाची वर्णन फाइल उघडून तिथून कॉपी करा, मीडियाविकी या विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या प्रत्येक विकीला ती असते, पानाचा सोर्स उघडून ओपनसर्च शोधलंत की लिंक सापडेल. हातानं टाइप करायला गेलात तर शेवटचा स्लॅश हमखास विसरणार.

आत पहिला टॅग शॉर्टनेम, एस आणि एन मोठे. ब्राउझरच्या यादीत हेच नाव दिसतं. ठरावात याला १६ अक्षरांची मर्यादा आहे आणि इथे आपल्या लिपीची गंमत होते. मी आधी "बेअरिंग आणि बेल्ट" ठेवलं होतं. डोळ्याला आठ अक्षरं आणि दोन जागा, दहाच. पण यूनिकोडमधे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, तो हिशेब १७ वर जातो. एकाने हुकलं. "बेअरिंग शोध" ठेवलं, ते ११ भरतं. मोजायचं असेल तर ब्राउझरच्याच कन्सोलमधे शब्द अवतरण चिन्हात टाकून लेंग्थ विचारा.

मग डिस्क्रिप्शन, एक वाक्य, मर्यादा १०२४, कुणी एवढं लिहीत नाही. इनपुटएन्कोडिंग टॅगमधे यूटीएफ-८ लिहा, मराठी असेल तर हे सोडू नका. इमेज टॅगमधे फेविकॉन, रुंदी-उंची १६ ची एक आणि जमलं तर ६४ ची पीएनजी. काँटॅक्ट, टॅग्ज, ॲट्रिब्यूशन वगैरे बरेच टॅग आहेत, ब्राउझरला त्याचं काही पडलेलं नसतं, मी टाकले नाहीत.

आणि आता खरा टॅग, यूआरएल, यात यू मोठा आणि आर-एल लहान, सगळं मोठं लिहिलंत तर चालत नाही. याला दोन गोष्टी लागतात. टाइप, जो टेक्स्ट स्लॅश एचटीएमएल. आणि टेम्पलेट, म्हणजे तोच सर्चचा पत्ता जो पहिल्या पायरीत कॉपी केला, फक्त शब्दाच्या जागी महिरपी कंसात सर्चटर्म्स, मधला टी मोठा. ब्राउझर त्या कंसाच्या जागी टाइप केलेला शब्द घालतो, तोही एन्कोड करून. मराठी शब्द असेल तर घाबरू नका, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मधे तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे सात चिन्हांचा "बेअरिंग" पत्त्यात ६३ अक्षरांचा होतो. दिसतं भयानक, पण ते बरोबरच आहे.

इथे माझे दोन दिवस गेले ते सांगतो. पत्त्यात एकाहून जास्त गोष्टी असतील, म्हणजे क्यू पण आणि भाषा पण, तर मधे & हे चिन्ह येतं. साध्या पत्त्यात ते ठीक, पण एक्सएमएलमधे ते असं नुसतं लिहायचं नसतं, त्याच्यापुढे एएमपी आणि अर्धविराम लावून लिहायचं. मी नुसतं लिहिलं. ब्राउझरने काय केलं? काहीच नाही. एरर नाही, सूचना नाही, नुसता ढिम्म. मी सर्व्हर बघतोय, कॅश पुसतोय, होस्टिंगवाल्यांना फोन करून त्यांच्यावर तापतोय, आणि चूक माझ्या फाइलच्या नवव्या ओळीत. म्हणून नियम लावून घ्या, फाइल तयार झाली की तिचा पत्ता थेट ब्राउझरमधे उघडायचा. एक्सएमएल तुटलं असेल तर ब्राउझर ओळ नंबरसकट सांगतो. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर दहा मिनिटांत घरी गेलो असतो.

पानाच्या नंबरचं पण बघा. टेम्पलेटमधे स्टार्टपेज किंवा स्टार्टइंडेक्स घालता येतं, नावापुढे प्रश्नचिन्ह लावलं तर ते ऐच्छिक होतं. ऐच्छिक म्हणजे ब्राउझर तिथे काही घालत नाही, जागा रिकामी सोडतो, आणि मग तुमच्या सर्व्हरला पेज बरोबर आणि पुढे शून्य अक्षरं असं मिळतं. आमच्या कोडने त्या रिकाम्याचा शून्य केला, शून्यातून एक वजा केला, वीसने गुणलं आणि डेटाबेसकडे उणे विसाव्या आयटमपासून यादी मागितली. डेटाबेस काय देणार, एररचं पांढरं पान दिलं. एकतर रिकामं आलं तर पहिलं पान समजा, नाहीतर सरळ टेम्पलेटमधून पेजच काढा. मी काढलं.

पायरी तिसरी: सर्व्हरने फाइल बरोबर नावाने द्यायला हवी

फाइलचा टाइप ॲप्लिकेशन स्लॅश ओपनसर्चडिस्क्रिप्शन प्लस एक्सएमएल असा जायला हवा. नुसता टेक्स्ट स्लॅश एक्सएमएल गेला तरी बहुतेक वेळा चालून जातं, पण काही जुन्या होस्टिंगवर टेक्स्ट स्लॅश एचटीएमएल जातो आणि तो त्रास देतो. अपाचे सर्व्हरवर असाल तर सगळ्या एक्सएमएल फाइलींचा टाइप बदलू नका, साइटमॅप पण एक्सएमएलच असतो, फक्त या एका फाइलसाठी नियम लिहा. डेव्हलपर टूल्समधे नेटवर्क टॅब उघडून कंटेंट-टाइप काय येतोय ते डोळ्याने बघा.

फाइल एचटीटीपीएसवरच असू दे, आतला टेम्पलेटचा पत्ता पण एचटीटीपीएस. आणि लॉगिनमागे ठेवू नका.

पायरी चौथी: ब्राउझरला फाइल दाखवायची

प्रत्येक पानाच्या हेडमधे एक लिंक टॅग. रेल बरोबर सर्च, टाइप बरोबर तोच लांबलचक ओपनसर्चडिस्क्रिप्शनवाला, टायटल बरोबर शॉर्टनेममधलं नाव, अगदी अक्षर न अक्षर तेच, आणि एचरेफ बरोबर फाइलचा पत्ता. टायटल आणि शॉर्टनेम वेगळे ठेवले की फायरफॉक्सला ते आवडत नाही.

होमपेजवर हा टॅग हवाच हवा, बाकी पानांवर असला तर उत्तम. क्रोमच्या घराण्यातले ब्राउझर हा टॅग होमपेजवर बघतात, आतल्या पानावरच तो असेल आणि माणूस कधी होमपेजवर आलाच नाही तर त्यांना काही कळत नाही.

जुन्या लेखांमधे "आमचा सर्च जोडा" असं बटण करून त्यामागे ॲडसर्चप्रोव्हायडर नावाचं फंक्शन लावायला सांगतात. ते विसरा. ते आता काहीही करत नाही, नावापुरतं उरलंय.

पायरी पाचवी: आता जोडून बघा

फायरफॉक्समधे तुमचं होमपेज उघडा आणि वरच्या पट्टीत राइट क्लिक करा, मेन्यूत तुमचं नाव जोडायचा पर्याय येतो. जोडलं की सेटिंग्ज, मग सर्च, खाली सर्च शॉर्टकट्सची यादी, तिथे आपल्या नावासमोर कीवर्डच्या रकान्यात डबल क्लिक करून छोटा शॉर्टकट द्या. आम्ही इंग्रजी दोन अक्षरं दिली, बीबी. आता तात्या काय करतात, नवीन टॅब, बीबी, स्पेस, ६२०४, एंटर. झालं. ना गूगल, ना होमपेज.

क्रोम आणि एजमधे जोडावं लागत नाही, होमपेजवर एकदा जाऊन आलात की तो स्वतःच टिपून घेतो, मात्र खासगी विंडोत गेलात तर नाही. पण अलीकडच्या क्रोममधे टिपलेला सर्च बंद अवस्थेत पडून राहतो. सेटिंग्ज, सर्च इंजिन, मॅनेज, खाली इनॲक्टिव्ह शॉर्टकट्स, तिथे आपलं नाव शोधून ॲक्टिव्हेट दाबायचं. बऱ्याच जणांना वाटतं आपलीच फाइल चुकली, चुकलेली नसते, ती बिचारी त्या यादीत झोपलेली असते. चालू झाल्यावर पट्टीत साइटचं नाव टाइप करून टॅब दाबा, नाव बाजूला जाऊन बसतं आणि पुढे जे टाइप कराल ते तुमच्या साइटवर शोधलं जातं.

मोबाईलवर कष्ट जास्त, फायदा कमी. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समधे सर्चच्या सेटिंगमधे हाताने इंजिन जोडता येतं, तिथे शब्दाच्या जागी टक्का आणि लहान एस लिहायचा. आम्ही फक्त भावाच्या फोनवर केलं.

पायरी सहावी: सूचना, खरी मजा इथे आहे

वर्णनाच्या फाइलमधे अजून एक यूआरएल टॅग घाला. टाइप ॲप्लिकेशन स्लॅश एक्स-सजेशन्स प्लस जेसन, आणि टेम्पलेट तुमच्या सूचना देणाऱ्या पत्त्याचं, शब्दाच्या जागी परत तेच सर्चटर्म्स.

त्या पत्त्यावरून जे उत्तर जायला हवं ते अगदी साधं आहे: एक जेसन यादी, म्हणजे चौकटी कंसात स्वल्पविराम देऊन लिहिलेली. यादीतली पहिली गोष्ट म्हणजे टाइप केलेला शब्द जसाच्या तसा. दुसरी म्हणजे सूचनांची आतली यादी. तिसरी आणि चौथी ऐच्छिक, प्रत्येक सूचनेचं वर्णन आणि प्रत्येकीचा पत्ता. म्हणजे तात्यांनी ६२० टाइप केलं तर पहिल्या जागी ६२०, दुसऱ्या जागी कंसात ६२०२, ६२०३, ६२०४, ६२०५. मराठी विकिपीडियाच्या एपीआयला ॲक्शन बरोबर ओपनसर्च देऊन नाशिक विचारा, हाच चार तुकड्यांचा साचा समोर दिसेल. लोक इथे चूक करतात ती म्हणजे यादीऐवजी छान नावं वगैरे देऊन महिरपी कंसातलं ऑब्जेक्ट पाठवतात. ब्राउझरला यादीच हवी.

वेग सांभाळा. माणूस प्रत्येक अक्षर दाबतो तशी मागणी येते, अर्ध्या सेकंदात उत्तर गेलं नाही तर त्याचा उपयोग संपला, तो पुढे टाइप करून गेलेला असतो. आम्ही पूर्ण मालाची यादी मेमरीत ठेवली, डेटाबेसकडे जातच नाही. आठच सूचना देतो. आणि प्रत्येक अक्षर सर्व्हरपर्यंत येतंय म्हणजे लॉगमधे लोकांचं अर्धवट टाइप केलेलं सगळं जमा होणार, पत्ता चुकून तिथे काय काय टाकतात लोक, ते साठवू नका. मी त्या पत्त्याचं लॉगिंगच बंद केलं.

पायरी सातवी: मराठी टायपिंगची भांडणं

ही पायरी कुठल्या इंग्रजी मार्गदर्शकात मिळणार नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी, कारण बाकी सगळं बरोबर करूनही "सापडलं नाही" असं आलं तर काउंटरवरचा माणूस दुसऱ्यांदा वापरत नाही.

पहिलं भांडण आकड्यांचं. तात्यांचा कीबोर्ड कधी मराठीवर असतो, मग देवनागरी ६२०४ जातं, आणि यादीत इंग्रजी आकडे. संगणकाला ते वेगळे. शोधायच्या आधी देवनागरी दहाही आकडे इंग्रजी करून घ्या, दोन ओळींचा कोड. मग स्पेस आणि मधली रेघ काढून टाका, कारण ६२०४ च्या पुढे कुणी झेडझेड जोडून लिहितो, कुणी स्पेस देऊन, कुणी मधे आडवी रेघ देऊन, आणि सगळ्यांना हवं एकच, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं, आत २० मिमी, बाहेर ४७ आणि जाडी १४. बेल्टचं पण तसंच, बी ५२, बी-५२, सगळं एकच.

दुसरं भांडण ॲ चं. "ॲडॅप्टर स्लीव्ह" लिहिताना पहिलं अक्षर दोन प्रकारे येतं. एक, यूनिकोडमधे ०९७२ क्रमांकाचं एकसंध अक्षर, ते २००८ मधे आलं. दुसरं, आधीपासूनचं, अ आणि त्यावर अर्धचंद्र असं जोडून. दिसायला सारखंच. पण यूनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, एनएफसी म्हणतात ते, या दोघांना एक मानत नाही, तुम्हालाच हाताने बदलावं लागतं. भावाने यादी जुन्या पीसीवर भरलेली, तात्या नव्या फोनवरून टाइप करणार, आणि बरोबर नाव टाकूनही माल गायब. गोदामात वीस पडलेत आणि साइट म्हणते नाही.

तिसरं, दोऱ्यातला ऱ्य. पॅकिंगच्या दोऱ्या शोधून बघा. हा अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाला एकच ऱ घेऊन पाय मोडला तर, र आणि नुक्ता वेगवेगळे टाकून पाय मोडला तर, आणि साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारा जोडणारा, झेडडब्ल्यूजे, टाकला तर. पहिल्या दोघांना एनएफसी एक करतं. तिसऱ्याला नाही करत, त्यासाठी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असा क्रम दिसला की तिथे ऱ आणि हलन्त घालायचं. नुसता झेडडब्ल्यूजे पुसून टाकू नका हं, पुसलात तर दोऱ्याचा "दोर्या" होतो आणि परत जुळत नाही. मी तेच केलं होतं.

हे सगळं एका फंक्शनमधे घाला आणि ते दोन्हीकडे चालवा, यादी भरतानाही आणि शोधतानाही. एकीकडेच चालवलं तर न चालवल्यासारखंच.

निकाल ॲटममधे द्यायचे का

गरज असेल तरच. ब्राउझर वाचत नाही हे वर सांगितलं. विंडोज ७ च्या फाइल एक्सप्लोररमधे बाहेरच्या साइटचे आरएसएस-ॲटम निकाल दिसायची सोय होती, कुणी वापरली देव जाणे. आज याचा खरा वापर मोठ्या कॅटलॉगमधे आहे, उपग्रहचित्रांचे साठे वगैरे, तिथे नकाशांच्या माहितीचे ठराव करणाऱ्या ओजीसी संस्थेने ओपनसर्चला जागा आणि वेळ यांची जोड दिलेली आहे. आम्हाला लागलं कारण अंबडच्या एका कारखान्याच्या स्टोअरवाल्यांना त्यांच्या सिस्टिममधून आमचा स्टॉक बघायचा होता.

करायचं झालं तर ॲटमच्या नेहमीच्या फीडमधे ओपनसर्चच्या नेमस्पेसचे तीन टॅग वाढवायचे. टोटलरिझल्ट्स म्हणजे एकूण किती सापडले, आयटम्सपरपेज म्हणजे एका पानावर किती, स्टार्टइंडेक्स म्हणजे या पानावरचा पहिला कितवा. ५७ सापडले, पानावर २०, तर तिसऱ्या पानाचा स्टार्टइंडेक्स ४१. चाळीस नाही. ठरावात मोजणी एकपासून आहे, तुमचा कोड शून्यापासून मोजत असेल तर वर्णनाच्या यूआरएल टॅगमधे इंडेक्सऑफसेट शून्य असं सांगावं लागतं, नाहीतर समोरच्याला प्रत्येक पानावर एक आयटम दोनदा दिसेल किंवा एक गळेल. स्टोअरवाल्यांनी तेच सांगितलं, "तुमचं एक बेअरिंग प्रत्येक पानावर गळतंय." आणि वर्णनाच्या फाइलमधे या निकालासाठी तिसरा यूआरएल टॅग, टाइप ॲप्लिकेशन स्लॅश ॲटम प्लस एक्सएमएल.

याच्याशी स्कीमा डॉट ऑर्गच्या सर्चॲक्शन या पानात घालायच्या खुणेची गल्लत करू नका. तो गूगलच्या निकालात तुमच्या साइटखाली सर्चचा डबा दाखवण्यासाठी होता, गूगलने तो डबा नोव्हेंबर २०२४ मधे बंद केला. एसईओवाले अजून त्याचे पैसे लावत असतील तर विचारा त्यांना.

चालत नसेल तर

फाइल थेट उघडा, एक्सएमएल धड आहे का बघा. मग कंटेंट-टाइप. मग लिंकचं टायटल आणि शॉर्टनेम. मग मोठी-लहान अक्षरं. एवढ्यावर नाही सापडलं तर फायरफॉक्समधे अबाउट-कॉन्फिगला जाऊन ब्राउझर डॉट सर्च डॉट लॉग ट्रू करा आणि कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून कन्सोल उघडा, तिथे तो सर्चबद्दल बोलायला लागतो.

बदल केल्यावर एक लक्षात ठेवा. ब्राउझर वर्णनाची प्रत स्वतःकडे ठेवतो, तुम्ही सर्व्हरवर टेम्पलेट बदललं म्हणून काउंटरवरचा पीसी लगेच बदलत नाही. फाइलमधे अजून एक यूआरएल टॅग घालून ठेवा, रेल बरोबर सेल्फ, टाइप ओपनसर्चडिस्क्रिप्शनवालाच आणि टेम्पलेट म्हणजे या फाइलचा स्वतःचाच पत्ता, त्यावरून फायरफॉक्सला नवी प्रत कुठून आणायची ते कळतं. आम्ही हा टॅग उशिरा घातला. त्यामुळे मधे साइटचा पत्ता बदलला तेव्हा तिन्ही पीसीवर जाऊन जुना सर्च काढून नवा जोडावा लागला. दोन मीच केले, तिसऱ्यावर गेलो तर तात्यांनी आधीच करून ठेवलं होतं, आणि बीबीच्या जागी त्यांनी स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर दिलं होतं.